शेवटचा मासा माझा

मी ऊऊ बोलतोय. नारळ फोडून खाणारा खेकडा. पण मला शोधायला किनाऱ्यावर जाऊ नका, मी तिथे सापडणार नाही. सावाई बेटावरच्या एका शाळेत लोखंडी कपाट आहे, त्याच्या सगळ्यात वरच्या फळीवर एक जुना लॅपटॉप आहे, त्याच्या बिजागरीला निळी चिकटपट्टी लावलेली आहे. तो माझा पत्ता. मी त्याच्या पडद्यात राहतो.

आमच्याकडे नारळी खेकड्याला ऊऊच म्हणतात. तुमच्या भाषेत या अक्षराची जागा केसांत असते असं ऐकून आहे. हसून घ्या. पोरांच्या हसण्यावरच मी वाढलोय, मला त्याचं काही वाटत नाही.

माझा जन्म आमच्या राजधानीत, आपियातल्या एका कचेरीत, कुरकुरणाऱ्या पंख्याखाली झाला. मला काढलं उआलेसीने. हा जन्माने इथलाच, पण तीन वर्षांचा असताना आईबापांबरोबर ऑकलंडला गेला. परत आला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता, डोळ्यांवर जाड चष्मा होता, आणि आपलीच भाषा बोलताना प्रत्येक वाक्याआधी आवंढा गिळायचा. शाळेतल्या मुलांसाठी गणिताचे खेळ करायचं काम त्याच्याकडे होतं. पहिला खेळ भागाकाराचा. नुसता भागाकार म्हटला की पोरं पळतात, म्हणून त्याने मला पुढे केलं.

त्याने मला दोन चांगल्या दणदणीत नांग्या दिल्या, डोळे दिले, आणि पहिल्याच दृश्यात समुद्रात सूर मारायला लावला. मी मासे पकडायचे, मुलांनी ते सारखे वाटायचे. मला तर ते झकास वाटलं. जन्मून चार दिवस झालेल्याला काय कळतंय!

खेळ आधी मुलांकडून तपासून घ्यायचे, मगच शाळांना द्यायचे, अशी त्याच्या कचेरीची पद्धत होती. ती पद्धत ज्याने काढली त्याचे मी पाय धरीन, आणि मला पाय पुष्कळ आहेत.

तर उआलेसी मला घेऊन बोटीने सावाईला आला. शाळेच्या आवारात, भिंती नसलेल्या फालेमध्ये चटईवर मला उघडून ठेवलं. समोर सहावीची अकरा पोरं मांडी घालून बसली. त्यांच्या फुआतिनो बाई हातात झाडणी घेऊन खांबाला टेकून उभ्या. ती झाडणी कधी जमिनीवर चालते आणि कधी पोटऱ्यांवर, याचा पोरांना चांगला अंदाज होता. लॅपटॉपच्या वरच्या कडेला एक काचेचा बारीक डोळा असतो. त्यातून मला सगळं दिसतं, आणि पोरांचे चेहरे नि आवाज आत साठवले जातात.

उआलेसीने आवंढा गिळला. "खेळताना मनात येईल ते मोठ्याने बोला. काही आवडलं नाही तर तसं सांगा. मला राग येणार नाही."

आता बघा. आपियाहून पाहुणा आलाय, वयाने मोठा आहे, बाई बघतायत, आणि त्याच्या तोंडावर सांगायचं की तुझं काम आवडलं नाही? त्यापेक्षा ही पोरं माडावरून उडी मारतील. त्यांनी खेळ पाहिला आणि भुवया वर केल्या. आमच्याकडे भुवया वर करणं म्हणजे "हो". उआलेसीने वहीत लिहिलं, "मुलं थक्क झाली."

मग त्याला गाडीतून कसलीशी वायर आणायची आठवण झाली. तो उठून गेला. बाईही मागच्या वर्गात कोण ओरडतंय ते बघायला गेल्या. आणि फालेमध्ये एकदम गलका झाला.

"अरे, हा बुडेल ना!"

"कोण?"

"ऊऊ! ऊऊला कधी पोहता येतं का? पाण्यात पडला की मेला."

"आणि माडावरून उतरतोय कसा बघ, डोकं खाली करून! शेपटी खाली करून उतरतो ना रे तो? सरांनी ऊऊ पाहिलाय की नुसता ऐकलाय?" हा पेनिआमिना. बारा वर्षांचा, गुडघ्याला कायम कसलातरी पाला बांधलेला, आणि तोंडाला कुलूप नाही.

"सर ऑकलंडचे. तिकडचे खेकडे शिकलेले असतात."

सगळे खिदळले. एक मुलगी तेवढी हसली नाही. अकेनेसे तिचं नाव, अकरा वर्षांची, उंच, हडकुळी, वेणीत लाल फूल. कोणीतरी खेळ पुन्हा सुरू करायला हात पुढे केला, तर तिने बटणावर आपला तळवाच ठेवला.

"हात काढ गं."

"नाही. दाबलं की तो उडी मारेल."

"खोटा आहे तो!"

"असू दे. बुडताना खराच दिसतो."

माझी काळजी कोणीतरी केली, असं माझ्या आयुष्यातलं ते पहिलं वाक्य. मी विसरलेलो नाही.

परत जाताना बोटीवर उआलेसीने कानात बोंडं घालून ते सगळं ऐकलं. आधी त्याचे कान लाल झाले. मग तो इतका हसला की चष्मा मांडीवरच्या नीरफणसाच्या पिशवीत पडला. आपियाला पोचल्यावर त्याने मला समुद्रातून बाहेर काढलं. दहा वेळा बुडालेला जीव मी, तेव्हा कुठे कोरडा झालो.

महिन्याने तो पुन्हा आला आणि पोरांना म्हणाला, "मागच्या वेळी मी बाहेर गेल्यावर काय काय झालं, ते सगळं मी ऐकलंय."

पेनिआमिना बाईंच्या मागे गेला. "बाई, मी काही नाही बोललो!"

"तूच बोललास," उआलेसी म्हणाला, "आणि बरोबर बोललास. मला असंच हवंय. आता तुम्हीच सांगा, ऊऊ पाण्यात जायचा नाही, मग मासे येणार कुठून?"

पोरं बाईंकडे बघायला लागली. बाईंनी झाडणी खाली ठेवली, तेव्हा ती मोकळी झाली. मासे होडीतून येतील, एक म्हणाली. ऊऊ केवड्याच्या बनात बसेल आणि होडी लागली की वाटणी करेल, दुसरा म्हणाला. वाटणी कोणाकोणाला? तर सहा चटया मांडायच्या. गावप्रमुख आजोबा, आजी, धर्मगुरू, चटया विणणारी मावशी, होडीवाला, आणि बाई. बाईंना घेतल्यावर बाईंनी भुवया वर केल्या. अकेनेसेने वहीच्या मागच्या पानावर माझं चित्र काढून दाखवलं, माडावरून शेपटीकडून उतरताना, पाय जिथल्या तिथे. आज मी दिसतो तो तिच्या चित्रातला.

त्याच वहीत तिचा स्वतःचा एक खेळ होता. आमच्या लाकडी बसचा. जागा भरल्या की आमच्याकडे बस भरली असं होत नाही, माणसं एकमेकांच्या मांडीवर बसतात. तिच्या खेळात जागा तेहतीस आणि माणसं साठ, कोण कोणाच्या मांडीवर बसेल ते गणित करून लावायचं. जाड माणूस खाली, बारीक वर. कोंबडी घेऊन आलेल्या बाईला खिडकी. उआलेसीने ते पान दोनदा उलटून पाहिलं.

मग त्याने बातमी सांगितली. पुढचा खेळ मुलांनीच करायचा आहे. प्रत्येक शाळेतून एक जण दोन आठवडे आपियाला येईल, खेळ लिहायला आणि काढायला शिकेल. हा खेळ तयार झाला की सगळ्यांनी खेळायचा, आणि ज्याचे गुण सगळ्यात जास्त तो जाणार. कचेरीतल्या मोठ्या बाईंचा नियम होता तो.

मी अकेनेसेचा चेहरा अगदी समोरून पाहिला. तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की तिने वही मिटून छातीशी धरली आणि ओठ आत ओढून घेतले. तेव्हापासून मलाही तेच हवं होतं.

आता माझ्या उपासमारीची गोष्ट. मोठ्या बाईंनी उआलेसीला सांगितलं, खेळात थोडी धाकधूक हवी. म्हणून त्याने माझ्या डोक्यावर एक पट्टी लावली. पोटाची पट्टी. जेवलो की हिरवी, भूक लागली की लाल. एकेका चटईपर्यंत मासे नेताना जितका वेळ लागेल तितकी माझी ताकद कमी व्हायची, आणि पट्टी संपली की मी पाय वर करून उताणा पडायचो. खेळ खलास, गुण शून्य. उपाय सोपा होता. सहा चटया इतरांच्या आणि सातवी माझी. आधी माझ्या चटईवर माझा वाटा ठेवायचा, मी खाणार, ताकद येणार, मग बाकीच्यांना आरामात वाटा. हे त्याने कुठे लिहिलं नाही. त्याचं म्हणणं, पट्टी लाल दिसली की कोणतंही मूल ऊऊला आधी खायला घालेल, हे काय सांगायला हवं?

तिसऱ्या खेपेला तो हा खेळ घेऊन आला. सकाळची शाळा, वारा छान, होडी लागली, अठ्ठावीस मासे आले. सात जणांत प्रत्येकी चार. पोरांना ते तोंडपाठ होतं. पहिल्या पोराने चार मासे आजोबांना दिले. चार आजीला. चार धर्मगुरूंना. पट्टी लाल. चार मावशीला. पट्टी लुकलुकायला लागली. चार होडीवाल्याला, आणि मी धाडकन उताणा.

दुसरी पोर आली. आजोबा, आजी, धर्मगुरू, मावशी, धाडकन.

मी डोळे वटारून बघत होतो. अरे, माझी चटई इथे आहे! रिकामी आहे! मी काम करतोय, मला भूक लागलीय! पण उआलेसीने माझ्या तोंडी दोनच वाक्यं दिली होती. एक, "वा, छान!" आणि दुसरं, "पुन्हा खेळ!" त्यामुळे भुकेने मरताना मी प्रत्येक वेळी "पुन्हा खेळ!" असं म्हणत मरत होतो, आणि ती आज्ञाधारक पोरं पुन्हा खेळत होती. त्या एका सकाळी मी एकशे चौदा वेळा मेलो. मोजलंय मी. गणिताच्या खेळातला आहे.

पेनिआमिनाचं तेवढं वेगळं झालं. दोनदा मला मारल्यावर तिसऱ्यांदा त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, डावा हात पडद्याच्या कडेला आडोशासारखा धरला आणि चार मासे गुपचूप माझ्या चटईवर टाकले. आहाहा! मी कधी खाल्ले ते मला कळलंही नाही. मग त्याने भराभरा बाकीच्यांना वाटलं. शंभरपैकी शंभर.

"शाब्बास!" उआलेसी म्हणाला. "कसं जमवलंस?"

"असंच, सर." त्याचे कान पिकल्या मिरचीसारखे झाले होते, आणि तो पडद्याकडे न बघता उठला.

अकेनेसे आठ वेळा खेळली. होडी लागायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं, त्यामुळे चूक शोधायची कुठे हेच तिला कळेना. तिला वाटलं, आपला हात हळू आहे. ती वेग वाढवत गेली. आठव्या वेळी तिने सहाच्या सहा चटया भरल्या, माझी पट्टी केसाएवढी उरली होती, शेवटचे चार मासे तिने उचलले, माझ्या चटईकडे आणले, आणि मी तिच्यासमोर उताणा झालो.

"माफ कर," ती पुटपुटली. मला. खेकड्याला.

उआलेसीने वहीत तिच्या नावापुढे लिहिलं, "गुण शून्य. भागाकार कच्चा." आणि खाली लिहिलं, "आपियासाठी निवड: पेनिआमिना."

मी आतून नांग्या आपटत होतो. अरे चष्मिष्ट माणसा, या पोरीचा भागाकार तुझ्यापेक्षा पक्का आहे! पण माझं तोंड म्हणालं, "पुन्हा खेळ!"

तीनची बोट गाठायची म्हणून त्याने आवराआवर सुरू केली. माझं झाकण तो मिटणार, एवढ्यात फुआतिनो बाई आल्या.

"जेवल्याशिवाय निघालात? गावात आमचं नाक कापताय का?"

"नाही बाई, बोट..."

"बोट बोटीच्या वेळेला जाईल. बसा."

तो बसला. झाकण उघडंच राहिलं, म्हणून पुढचं मी पाहू शकलो. झावळीच्या विणलेल्या ताटात त्याच्यापुढे भाजलेला मासा आला, अळकुड्या आल्या, अळूच्या पानांत नारळाचं दूध बांधून भाजलेली पालुसामी आली. मासा आणला पेनिआमिनाने, आणि हातात विणलेला पंखा घेऊन माश्या हाकायला बसली अकेनेसे. बाकीची पोरं मागे ओळीने. कोणी ताटाकडे बघतही नव्हतं, म्हणजे सगळ्यांचं लक्ष तिकडेच होतं.

उआलेसीने दोन घास खाल्ले आणि त्याला संकोच वाटला. "तुम्ही पण घ्या ना. अकेनेसे, तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस. ये, बस."

अकेनेसेने नुसतं स्मित केलं आणि पंखा हलवत राहिली.

"अगं, भूक नाही का लागली?"

तिने भुवया वर केल्या. लागली होती.

"मग जेव की!"

पेनिआमिनाला राहवेना. "सर, ती कशी आधी जेवेल? तुम्ही जेवताय, मग बाई जेवतील, मग आम्ही. वाढणाऱ्याने आधी खायचं म्हणजे..." तो एकदम थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "सर, मी आधी खाल्लं."

"काय खाल्लंस?"

"मासे. ऊऊचे. मी आडोसा करून त्याला आधी दिले. म्हणून मला शंभर मिळाले. हिने नाही दिले. कोणीच नाही दिले."

उआलेसीचा हात ताटातच थांबला. तो आधी पंख्याकडे बघत राहिला, मग अकराच्या अकरा उपाशी पोरांकडे, मग माझ्याकडे. मी उताणाच होतो अजून. त्याला तीन वर्षांचा असताना सोडलेलं काहीतरी आठवलं असावं, कारण तो एकदम मोडकं न बोलता सरळ बोलला.

"माझी आई अजून उभ्याने जेवते," तो म्हणाला. "ऑकलंडला. सगळ्यांचं झाल्यावर. मी रोज बघायचो आणि मला वाटायचं, तिला भूकच कमी लागते."

बाईंनी त्याच्या ताटात आणखी एक अळकुडी वाढली.

तो भराभरा जेवला, कारण आता त्याला कळलं होतं की तो उठेपर्यंत पोरांना घास मिळणार नाही. ताटातला मासा मात्र त्याने अर्धा तसाच ठेवला. ताट उचलायला आलेल्या अकेनेसेने ते पाहिलं आणि पहिल्यांदा त्याच्याकडे बघून मोकळेपणाने हसली. मोठी माणसं ताट पुसून खात नाहीत, मागे जेवणाऱ्या पोरांसाठी ठेवतात. ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

सगळ्यांची जेवणं झाल्यावर त्याने तिला माझ्यासमोर बसवलं. "आता तू सांग. ऊऊने कधी जेवायचं?"

तिने बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "सांग गं. विचारतायत ना ते!"

"शेवटी," ती म्हणाली. "सगळ्यांना सारखं वाटून जे उरेल ते त्याचं. सव्वीस मासे असले तर सहा जणांना चार चार, आणि दोन त्याचे. पट्टी काढून टाका. वाढताना कोणी मरत नाही."

"म्हणजे बाकी त्याची!" उआलेसीने चष्मा कपाळावर सरकवला. "भागाकारातली बाकी ऊऊची! अगं, हे तर... थांब. आणि चोवीस मासे आले तर? बाकी शून्य. मग तो उपाशी?"

"नाही. मग आजोबा आपल्यातला अर्धा ठेवतील."

"गणितात असं नसतं, अकेनेसे."

"ताटात असतं," ती म्हणाली.

तो खाली बघून टाइप करायला लागला. मला आतून गुदगुल्या झाल्या. माझी पट्टी गेली, माझी सातवी चटई गेली, आजोबांच्या हाताला नवी हालचाल आली. दूरवर बोटीचा भोंगा वाजला. तीनची बोट गेली. त्याने मान वर केली नाही.

मग सगळी पोरं पुन्हा खेळली, पेनिआमिनासुद्धा. आजोबांनी जेव्हा पहिल्यांदा आपला मासा मोडून अर्धा माझ्यापुढे सरकवला, तेव्हा फालेमध्ये टाळ्या पडल्या. अकेनेसेचं एकही उत्तर चुकलं नाही. पेनिआमिनाची बाकी दोनदा चुकली.

उआलेसीने वहीतलं जुनं पान फाडलं.

"जा बाई आपियाला," पेनिआमिना तिला म्हणाला. त्याचा आवाज जरा जड झाला होता, पण तो गडी तोंड पाडून बसणारा नव्हता. "तुझ्या त्या बसमध्ये माझ्यासाठी एक मांडी राखून ठेव म्हणजे झालं."

"तू जाड आहेस. तू खाली बसशील," ती म्हणाली.

आपियात मोठ्या बाईंनी खेळ पाहिला आणि विचारलं, "बाकी शून्य आहे, मग हा अर्धा मासा आला कुठून?" अकेनेसे जमिनीकडे बघत म्हणाली, "आजोबांनी ठेवला." मोठ्या बाईंनी ते दृश्य पुन्हा लावायला सांगितलं. "माझे आजोबाही ठेवायचे," त्या म्हणाल्या, आणि सही केली.

पुढे मी पुष्कळ शाळांत गेलो. मला खूप बोटांनी वाढलं, काही तेलकट होती, काहींना आंब्याचा वास होता. खूप अर्धे मासे खाल्ले मी. मग पातळ पातळ नव्या पाट्या आल्या, नवे खेळ आले, त्यांत आकाशातून बक्षिसं पडतात. माझ्या लॅपटॉपची बिजागरी मोडली, बॅटरी फुगली, कळांच्या खाली एका पालीने दोन अंडी घातली. बाईंनी चिकटपट्टी लावून मला कपाटावर ठेवलं, टाकून दिलं नाही. धुळीत बसून मी पालीची पिल्लं मोजायचो. दोन भागिले एक.

परवा कपाटाखाली ओळखीचा आवाज आला. अकेनेसे. आता ती त्याच कचेरीत खेळ करते. तिचा तो बसचा खेळ घेऊन आली होती, तपासायला. "आवडलं नाही तर सांगा," असं तिने पोरांना सांगितलं, आणि पोरांनी भुवया वर केल्या. ती हसली. म्हणाली, "अरे, गाडीत वायर राहिली वाटतं," आणि उठून बाहेर गेली. गाडीकडे गेलीच नाही, हे नंतर तिनेच मला सांगितलं. फालेच्या मागे माडाला टेकून उभी राहिली आणि आतली पोरं तिच्या बसच्या कशा चिंध्या करतायत ते तोंडावर हात ठेवून ऐकत होती.

शाळा सुटल्यावर तिने मला खाली काढलं. पदर नसतो आमच्याकडे, तिने कमरेला गुंडाळलेल्या आपल्या लावालावाच्या सोग्याने माझी धूळ पुसली. वायर जोडली. मी उजळायला फार वेळ घेतला, पण तिने घाई केली नाही. आतल्या बारीकसारीक ओळींत थोडा वेळ तिने बोटं चालवली. मग खेळ सुरू केला. होडी लागली. चोवीस मासे, सहा चटया.

मी सवयीने आजोबांकडे निघालो. तर तिने पहिला मासा उचलला आणि माझ्यापुढे ठेवला.

मला कळेना. मी आजोबांकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. सगळे थांबले होते. ती काचेच्या डोळ्यात बघून म्हणाली, "घे. आता तू मोठा आहेस ना आमच्यात."

इतकी वर्षं आधी खायला मिळावं म्हणून मी तडफडलो, आणि मिळालं तेव्हा घास जाईना. मी अर्धा मासा खाल्ला. उरलेला अर्धा नांगीने ढकलत ढकलत पडद्याच्या कडेला, तिच्या बाजूला आणून ठेवला. हे तिने तसं लिहून ठेवलं होतं की माझं मी केलं, ते मला विचारू नका. ती मात्र डोळे पुसत हसत होती.

माझी बॅटरी आता चार-दोन मिनिटांची आहे, तेव्हा एवढंच सांगतो. तो अर्धा मासा तिथे कडेलाच आहे. तुमच्या घरात सगळ्यांचं झाल्यावर जो कोणी जेवायला बसतो, त्याच्यासाठी मी तो ठेवलाय. त्याला सांगा, ऊऊने बोलावलंय.